हाक मारायचं बटन

आमच्या ऑफिसला रविवारची सुट्टी नसे. अमावास्या आणि पौर्णिमेची असे. नोकरी लागल्यावर हे मी आमच्या गावी, निडीला, घरी सांगितलं, तेव्हा आईने भाकरी थापता थापता हात थांबवला. "कंप्युटरचं ऑफिस म्हनालीस ना गो तू?" वडिलांनी थेट मुद्द्याला हात घातला. "तो मानूस अंगारे-धुपारे करनारा तर नाय?"

तसं काही नव्हतं. सरांचं देवाशी नातं जाता-येता नमस्कार करण्यापुरतं. पण सुट्टीमागचं खरं कारण मलाच तेव्हा ठाऊक नव्हतं, त्यामुळे "कंपन्यांचा नियम असतो तसा" असं मी ठोकून दिलं. घरच्यांचा कंपन्यांवर भारी विश्वास.

नव्वद सालानंतरची ती मधली वर्षं. ऑफिस पेणला, गणपतीच्या एका कारखान्याच्या माडीवर. खाली मूर्ती घडायच्या, वर आमचे दोन कंप्युटर आणि किंचाळणारा एक प्रिंटर. रोह्याजवळच्या धाटावच्या कंपन्यांसाठी आम्ही हजेरीचे आणि शिफ्टचे प्रोग्राम करायचो. आम्ही म्हणजे सर. मी माहिती भरायची, कागद छापायचे आणि महिन्यातून दोनदा फ्लॉप्या पिशवीत घालून त्यांच्याबरोबर रोह्याची गाडी पकडायची. खालच्या प्लास्टरची धूळ वर येऊन सगळ्यावर बसे. सर रोज सकाळी कीबोर्ड उलटा करून झटकत आणि पडलेली पांढरी पूड बघून म्हणत, "आज गणपतीचा अख्खा उंदीर निघाला बघा, साहेब."

साहेब म्हणजे मी. सर सगळ्यांनाच साहेब म्हणत. चहावाला साहेब, खाली मूर्तींचे डोळे रंगवणारा साहेब, कंप्युटर तर साहेबच. फक्त धाटावच्या खऱ्या साहेबांना ते "काका" म्हणायचे. चाळिशीच्या आतल्या मॅनेजरला, गळ्यात टाय असताना, कुणी काका म्हटलं की त्याचा चेहरा कसा होतो ते मी पुष्कळदा पाहिलंय. सरांना त्यात काही गंमत करायची नसे. त्यांना ते आदराचंच वाटायचं.

उंच, काटकुळा माणूस. पँट कायम घोट्याच्या वर दुमडलेली. एसी केबिनमध्ये जायचं असलं तरी दुमड सोडायचे नाहीत. मी एकदा बोलले तर खाली वाकून पाहिलं आणि म्हणाले, "अरे हो." आणि दुमड आणखी एक घडी वर चढवली.

मला त्यांनी नोकरीवर कसं घेतलं हे सांगितलं तर कुणाला खरं वाटत नाही. त्या दिवशी आम्ही दोघं आलो होतो, मी आणि अलिबागचा एक डिप्लोमावाला. सरांनी ना प्रमाणपत्रं पाहिली ना प्रश्न विचारले. कंप्युटरसमोर बसवलं आणि वरून विटा पडतात, त्या खाली नीट रचायच्या, असा खेळ लावून दिला. डिप्लोमावाला झकास खेळला. बराच वेळ टिकला आणि हरला तेव्हा म्हणाला, "तुमचा कीबोर्ड जाम होतोय." मी तर कंप्युटरवरचा खेळ पहिल्यांदाच बघत होते. बघता बघता विटा छपरापर्यंत गेल्या. मी पडद्यावर बोट ठेवून म्हटलं, "ही. ही उभी लावली तिथेच माझं चुकलं." सर म्हणाले, "उद्यापासून या, साहेब."

पुढे मी विचारलं तर म्हणाले, "माणूस जिंकताना काही कळत नाही. हरताना काय करतो ते बघायचं. आपलं काम म्हणजे दिवसभर हरणंच आहे."

खेळ हा त्यांच्या दृष्टीने जगातला सगळ्यात प्रामाणिक प्रोग्राम. चुकलात की तिथल्या तिथे मेलात. हजेरीचा प्रोग्राम चूक पोटात ठेवतो आणि तीन महिन्यांनी ओकतो, असं त्यांचं म्हणणं. ज्या खेळाला शेवट आहे, राजकन्या सुटते, पडद्यावर फुलं पडतात, तो खेळ ते हातात धरायचे नाहीत. हरता येईल असाच खेळ पाहिजे. रोह्याला एसटी स्टँडजवळ व्हिडिओ गेमचं एक दुकान होतं. धाटावहून परतताना गाडीला वेळ असला की सर तिथे शिरायचे आणि खेळणाऱ्या पोरांच्या मागे हाताची घडी घालून उभे राहायचे. स्वतः कधी नाणं टाकलं नाही. पोरं हरली की मान डोलवायचे आणि पुढच्या मशीनकडे सरकायचे. दुकानवाल्याला ते कुणाचे तरी वडील वाटायचे. ते आत आले की दोन-चार पोरं दप्तरं उचलून पळायची, त्यामुळे तो त्यांना चहा पाजून बाहेरच बसवून ठेवू लागला.

कामाबद्दलही त्यांची मतं अशीच. पाच वाजले की साहेबांवर, म्हणजे कंप्युटरवर, कापड. पाचनंतर सुचलेलं सकाळी उपसण्यात दिवस जातो म्हणायचे. ज्या दिवशी प्रोग्राममध्ये नवं लिहिण्यापेक्षा जुनं खोडलेलं जास्त असेल, त्या दिवशी स्वारी खूष. "आज बारीक केला बघा," म्हणत आणि खालच्या कारागिरांसकट सगळ्यांना भजी.

आणि त्यांचे ते निरोप. प्रोग्राम कुठे अडला की इतरांच्या पडद्यावर इंग्रजीत काहीतरी डोळे वटारणारं येतं. सरांच्या पडद्यावर इंग्रजी अक्षरांत मराठी यायचं. 'काहीतरी चुकलं आहे. तुमचं नाही, माझं.' धाटावच्या एका कंपनीतल्या काकांना हे मुळीच आवडलं नाही. "माझं म्हणजे कोणाचं? आणि मशीन माफी कशाला मागतंय?"

"मशीन नाही मागत, काका. मी मागतोय," सर म्हणाले.

"मग ते काढून 'चुकीची नोंद' असं लिहा."

सरांनी मान हलवली, चहा संपवला आणि काहीही बदललं नाही. त्या कंपनीच्या टाइम ऑफिसात एक वयस्कर क्लार्क होते. कंप्युटर चावेल या भीतीने ते पेन्सिलीच्या मागच्या टोकाने बटनं दाबायचे. तो निरोप दोन-चारदा वाचल्यावर त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. मला म्हणाले, "भला मानूस हाय आतमंदी."

आता ती सुट्टी. सरांचं गाव वडखळच्या पलीकडे खाडीकाठी. आईवडील मिठागरावर राबलेले, थोडी खारी जमीन. तिकडे शेत आणि खाडी यांच्यामध्ये मातीचा एक बांध असतो, सगळं गाव त्या बांधाच्या जिवावर. अमावास्या-पौर्णिमेला उधाण येतं, पाणी बांधाला लागतं आणि कुठे खांड गेली, म्हणजे बांध फुटला, की खारं पाणी शेतात. मग तीन वर्षं भाताचं नाव नको. म्हणून उधाणाच्या दिवशी दुपारी बांधावर नजर ठेवायची, आणि खांड गेली तर जो पहिला बघेल त्याने हाक मारायची. हाक ऐकली की घरटी एक माणूस घमेलं-फावडं घेऊन धावतो. कुणाचं शेत, कुणाशी भांडण, ते नंतर.

वडील गेल्यावर सरांच्या घरचं माणूस म्हणजे त्यांची आई. मी त्यांना मावशी म्हणायचे. काटक बाई, पण मिठाच्या पाण्यात उभं राहून गुडघे कामातून गेलेले. तशाच लंगडत बांधावर जायच्या. म्हणून सर सुट्टी घेऊन त्या दिवशी गावी असायचे. एका अमावास्येला धाटावच्या कामात ते अडकले आणि नेमक्या मावशी चिखलात घसरल्या. उठता येईना. पाणी चढत होतं. शेजारणीला लुगडं दिसलं म्हणून वाचल्या.

सरांनी त्याच आठवड्यात त्यांना पेणला आणलं, ऑफिसच्या मागच्या खोलीत ठेवलं आणि सुट्टी रद्द केली. पुढच्या पौर्णिमेला आमचं ऑफिस पहिल्यांदा उघडं होतं. अकरा वाजता सर मागे पाणी प्यायला गेले आणि तसेच बाहेर आले. खोली रिकामी होती. अर्धवट ओळ पडद्यावर सोडून ते स्टँडवर धावले. मावशी वडखळच्या गाडीत खिडकीशी बसल्या होत्या, मांडीवर बोचकं.

हे मग दर उधाणाला सुरू झालं. सर रागवायचे, विनवायचे, एकदा तर रडलेही. मी न पाहिल्यासारखं केलं. "साहेब, ती परत पडली ना, तर मला नाही जमणार," एवढंच म्हणाले. मावशींचं एकच. "इथं मी काय करू? भिंतीकडं बघू?"

तेव्हा सरांनी आयुष्यात पहिल्यांदा खेळ लिहायला घेतला. पाचनंतरही बसायला लागले, यावरून मी काय ते ओळखलं. पडद्यावर निळी खाडी, तपकिरी बांध, हिरवं शेत. एक पांढरा चौकोन बांधावरून इकडे-तिकडे पळतो आणि जिथे माती ढासळेल तिथे भर घालतो. भरती दर खेपेला थोडी जास्त. बाणांची बटनं तेवढी दाबायची.

मावशींना खुर्चीवर बसवलं. त्यांनी पदर खोचला.

"ह्यो आपला बांद?"

"व्हय, आये."

"आन् ह्यो पांढरा कोन?"

"ती तू."

"लुगडं कुटं हाय माजं?"

दुसऱ्या दिवशी चौकोनाला लाल लुगडं आलं. मावशी खेळायला लागल्या. पहिल्या दिवशी बोटं अडखळली, मग बसली. उधाणाच्या दुपारी स्टँडवर जाण्याऐवजी त्या पडद्यासमोर बसल्या तेव्हा सरांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला भरून आलं. जमलं होतं.

पण खेळ सरांचा होता, म्हणजे हरायचाच. त्या दुपारी भरती चढत गेली, एक भगदाड बुजवावं तर दुसरं, आणि बांध फुटला. निळा रंग हिरव्यात शिरला. मावशी ताडकन उभ्या राहिल्या. गुडघ्यांचं भानही नव्हतं.

"खांड गेली! हाक मारायचं बटन कंचं?"

"तसलं बटन नाय, आये."

"नाय? मंग मानसं यायची कशी?"

"खेल एकट्यानंच खेलायचा असतो."

"एकट्यानं बांद धरतान व्हय रं? तुजा बापूस तरी कदी एकटा गेलता?" मग त्या माझ्याकडे वळल्या. आवाजात राग नव्हता, कीव होती. "शिकला ना गो, तवापासून ह्याला हाक मारायची लाज वाटते."

सर प्रोग्राम पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचत बसले. पाच वाजता कापड घालताना म्हणाले, "साहेब, खेळात बग आहे. मोठा आहे."

त्या रविवारी ऑफिस बंद ठेवून आम्ही त्यांच्या गावी गेलो. कारखान्यातल्या कारागिरांचा टेपरेकॉर्डर मी मांडीवर घेऊन बसले होते. सरांनी तेव्हा कंप्युटरला आवाजाचं कार्ड बसवून घेतलं होतं, त्यात गावाचे आवाज घालायचे होते. ओट्यावर चार-पाच माणसं जमली. सरांनी समजावलं, खांड गेल्यावर हाकेला तुम्ही ओ देता तशी द्या. माणसं एकमेकांकडे बघून हसायला लागली. कोरड्या दिवशी कुणाच्या तोंडून शब्द फुटेना. शेवटी एक म्हातारा वैतागला. "आरं, आदी हाक तरी मार. हाकेबिगर ओ कशी द्याची?"

सर लाल झाले. खाकरले. पहिली हाक अशी निघाली की समोरची कोंबडीसुद्धा हलली नाही. मग त्यांनी डोळे मिटले, दोन्ही हात तोंडाशी नेले.

"खांड गेली रंऽऽ!"

त्या काटकुळ्या छातीत एवढा आवाज होता हे मला माहीत नव्हतं. आणि मग जे झालं त्याचा विचार आमच्या दोघांच्याही डोक्यात आला नव्हता. ओट्यावरच्या माणसांना टेपरेकॉर्डर माहीत होता. गावाला कुठे माहीत होता? पलीकडच्या आळीतून ओ आली, "आयलूऽऽ!" मग तळ्याकडून, मग शेतातून. "आयलू रंऽ! आयलू!" घमेली खडखडली. लुगडी खोचून बाया, लुंगीवरची माणसं, एक जण तर अर्धी दाढी झालेला, फेस तसाच गालावर, सगळे बांधाच्या दिशेने धावत सुटले.

बांध शाबूत. मागून सर धावताहेत, "नाय गेली, नाय गेली," ओरडत, आणि त्यांच्यामागे टेपरेकॉर्डर छातीशी धरून मी. प्रकार कळल्यावर शेजारणीने सरांना अशा शिव्या दिल्या की त्या सगळ्या टेपवर आल्या. "खेलासाटी हाक मारतंस? अंगावर काटा आला आमच्या!"

सर मान खाली घालून उभे होते. "चुकलं. तुमचं नाय, माजं."

म्हातारा म्हणाला, "आता आलोच हाव तर उघाडीजवलची माती घालून जाऊ. ह्यालाबी लावा कामाला." मग सगळ्यांनी मिळून उघाडीजवळची, म्हणजे बांधातल्या पाणी सोडायच्या दाराजवळची, ती कच्ची जागा भरली. सरांची दुमडलेली पँट त्या दिवशी पहिल्यांदा मला योग्य जागी दिसली. मीही घमेली सरकवत रांगेत उभी राहिले. घरी जाऊन आईला चिखलाचं कारण सांगितलं तर तिला परत अंगारे-धुपारे आठवले.

शिव्या काढून आवाज खेळात गेले. लांब बटन दाबलं की सरांची हाक, आणि मग सगळ्या गावाची ओ. पडद्यावर रंगीबेरंगी चौकोन चहूबाजूंनी धावत यायचे आणि खांड बुजायची. मावशींनी ते एकदा दाबलं. ऐकत राहिल्या. "ही शेजारीन. ह्यो तिचा दादला. आगो बाय, म्हातारा अजून कसा वरडतो बघ." दुसऱ्यांदा दाबलं. तिसऱ्यांदा दाबलं नाही. उठून मागे गेल्या आणि बोचकं घेऊन आल्या.

"कुटं निगालीस?" सरांनी विचारलं.

"इतकी मानसं येतान, आन् मीच नाय."

"आये, ते टेप केलंय."

"मना म्हाईत हाय टेप केलंय. येडी नाय मी. पन हाक पडली आन् मी पेनला बसलेय, ह्ये बरं दिसतं का?"

मला वाटलं सर पुन्हा रागावतील. तिला थांबवायला रचलेल्या खेळानेच तिला उठवलं होतं. पण त्यांनी बोचकं तिच्या हातातून घेतलं आणि जिना उतरायला लागले. कापड घालायलाही थांबले नाहीत. मी घातलं.

गावाने मग तोड काढली. शेजारीण म्हणाली, मावशीने बांधावर यायचं नाही. ओट्यावरून पाणी दिसतं, तिथे बसून लक्ष ठेवायचं आणि हाक मारायची. धावायचं काम बाकीच्यांचं. मावशींना मानाचं काम मिळालं, सरांच्या जिवाला घोर राहिला नाही, आणि आमच्या ऑफिसची सुट्टी परत सुरू झाली. धाटावच्या काकांना सर सरळ सांगायला लागले, "उद्या उधाण आहे, काका, आई बोलावते." काका कॅलेंडरवर खूण करायचे.

गावी गेल्यावर मावशींनी एकच तक्रार केली. "सगल्यांचा आवाज हाय, माजाच नाय. खांड गेली तर मी येनार नाय व्हय?" सरांनी टेपरेकॉर्डर नेला आणि त्यांची ओ घेतली. "आयले रं बालाऽ! थांब!" खेळात त्यांची ओ सगळ्यांच्या शेवटी यायची आणि लाल लुगड्याचा एक चौकोन मागून हळूहळू यायचा. लंगडत. तो लंगडण्याचा भाग लिहायला सरांना बाकीच्या सगळ्या खेळापेक्षा जास्त दिवस लागले.

पुढे माझं लग्न झालं, मी रोह्याला आले, धाटावच्याच एका कंपनीत लागले. मावशी गेल्याचं कळलं ते थंडीचे दिवस होते. झोपेतच गेल्या, घरी, त्यांच्या गावात. मला जाता आलं नाही. महिनाभराने पेणला काम निघालं तेव्हा ऑफिसकडे वळले. जिन्याशी आल्यावर लक्षात आलं, आज पौर्णिमा, बंद असणार. पण वर दार उघडं होतं.

सर एकटेच पडद्यासमोर बसले होते. बांधाचा खेळ लावला होता. मला पाहून "या साहेब" म्हणाले, पण बोटं थांबली नाहीत. मी मागे उभी राहून बघत राहिले, ते रोह्याच्या दुकानात उभे राहायचे तशी. भरती शेवटच्या टप्प्यावर होती. इथपर्यंत मी कुणाला पोचलेलं पाहिलं नव्हतं. माती ढासळायच्या आधीच ते तिथे असायचे. इकडे भर, तिकडे भर, घाम आला होता कपाळावर. हरता यायलाच पाहिजे म्हणणारा माणूस बांध फुटू देत नव्हता.

एका जागी तडा गेला. निळं पाणी आत डोकावलं. मला राहवलं नाही. "सर, बटन दाबा ना. येतील सगळे." आणि मी हात पुढे केला.

त्यांनी चटकन त्या लांब बटनावर तळवा ठेवला. दुसऱ्या हाताने भर घालतच राहिले.

"नको, साहेब. सगळ्यांबरोबर तीपण निघते. गुडघे दुखतात तिचे."